डावा हात गळ्यात, पाय भात्यावर

पेटी वाजवणाऱ्याचा उजवा हात सगळे बघतात. डाव्या हाताकडं कुणाचं लक्ष जात नाही, आणि खरं तर पेटी त्याच हातावर चालते. डाव्या हातानं मागचा भाता हलवला तर आत हवा जाते, हवा गेली तर स्वर निघतो. उजव्या हाताची बोटं कितीही पळाली तरी डावा थांबला की पेटी म्हणजे नुसतं लाकूड. हे मी अडतीस वर्षं लोकांना सांगत आले आणि लोक "हो का?" म्हणत पुन्हा उजव्या हाताकडंच बघत राहिले. गेल्या वर्षी आषाढात माझा डावा हात मोडला, तेव्हा मात्र सगळ्या वस्तीला कळलं.

मी गायन पार्टीत पेटी वाजवते. ज्यांना गायन पार्टी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्या बौद्ध वस्त्यांत लग्न असो, नामकरण असो, कुणी वारल्यावरचं पुण्यानुमोदन असो, गाणं लागतंच. मधे गायक, एका बाजूला पेटी, दुसऱ्या बाजूला ढोलकी, मागं कोरसवाले तिघं-चौघं. वडवणी, गेवराई, माजलगाव, धारूर, इकडं आमच्या पार्टीनं एकही गाव सोडलेलं नाही. पत्रिकेवर 'पेटी : सुमनबाई' असं वाचून लोक बाईचं गाणं ऐकायला यायचे आणि मी गात नाही हे कळलं की हिरमुसायचे. मग पहिलं गाणं संपेपर्यंत माझ्याकडं असे बघायचे, जणू मी कुणाच्या तरी जागेवर चुकून बसले आहे. दुसऱ्या गाण्याला बघायचं थांबायचे. तिसऱ्या गाण्यानंतर एखादी म्हातारी येऊन माझी बोटं हातात घेऊन दाबून बघायची. मला त्या म्हाताऱ्या फार आवडायच्या.

ही विद्या मला आबांकडून आली. आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्याकडं पायपेटी होती, म्हणजे ऑर्गन. टेबलाएवढं लाकडी धूड, वर पट्ट्या, खाली दोन पावड्या. पायानं आळीपाळीनं पावड्या दाबायच्या, भाता पोटात भरत राहतो आणि दोन्ही हात वाजवायला मोकळे. जालन्याकडची एक नाटक कंपनी बंद पडली तेव्हा आबांनी ती बैलगाडीत घालून आणली होती. मी तिच्यावरच शिकले. पण पार्टी गावोगाव फिरायला लागली, टेम्पोत आणि बसच्या टपावर एवढं धूड कोण चढवणार? मी हातपेटी घेतली. आबांच्या माघारी पायपेटी माझ्या घरी आली आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. तिच्यावर आम्ही गोधड्या ठेवायचो.

पेटीवाल्याचं काम काय, असं मला शाळेतल्या मुलींनी एकदा विचारलं होतं. मी त्यांना चकलांब्याच्या लग्नाची गोष्ट सांगितली. तिथं नवरीच्या मामांनी माईक ओढून घेतला आणि स्वतःच गायला लागले. पहिल्या ओळीला एका सुरात, दुसऱ्या ओळीला भलत्याच, अंतऱ्याला कुठं गेले ते त्यांनाही माहीत नव्हतं. मी त्यांच्या मागं मागं पट्ट्या बदलत धावत होते. एका गाण्यात पाच ठिकाणी त्यांना गाठलं. गाणं संपल्यावर मामा माझ्याकडं झुकून म्हणाले, "बाई, तुमची पेटी लई हालती बगा. सूरच धरीना." मी म्हणाले, "जुनी हाय, मामा."

तर काम हे असं. गाणारा चुकला की पेटीवाल्यानं त्याच्याबरोबर चुकायचं, म्हणजे लोकांना वाटतं दोघंही बरोबर आहेत. एका पुण्यानुमोदनाला, वारलेल्या माणसाची आई उठून उभी राहिली आणि लेकाला लहानपणी म्हणायची ते गाणं म्हणायला लागली. तिला ना ताल होता ना सूर. मी फक्त एक स्वर धरून ठेवला, खालचा, अगदी बारीक, आणि ती त्याच्यावर पाय ठेवत ठेवत शेवटपर्यंत गेली. त्या दिवशी मला टाळ्या मिळाल्या नाहीत, कुणाला मिळाल्या नाहीत. पण माझ्या सगळ्या कार्यक्रमांत मला तोच एक सगळ्यात चांगला वाटतो.

आता विश्वनाथदादांबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट त्यांचीच आहे. विश्वनाथदादा आमच्या पार्टीचे गायक. माझ्याहून सहा वर्षांनी मोठे. गळा असा की माईक बंद पडला तर त्यांना फरक पडत नसे, ऐकणाऱ्यांनाही पडत नसे. आमच्यात गायक कोणत्या पट्टीत गातो याला मान असतो. पेटीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात. त्यातली जी 'सा' धरून तुम्ही गाता ती तुमची पट्टी. जितकी उजवीकडची, तितका आवाज उंच. दादांची पट्टी काळी चार. कार्यक्रम सुरू करताना ते माईकवर छाती काढून पुकारायचे, "काळी चार!" आणि जाणकार मंडळी तिथंच टाळ्या वाजवायची. दुसरे गायक ते ऐकून आपली पट्टी सांगायची टाळत.

दादांनी साठी गाठली तेव्हा आवाज खाली यायला लागला. सगळ्यांचाच येतो. गोडवा उलट वाढला होता, फक्त उंची गेली होती. अंतऱ्यात वर जाताना त्यांच्या मानेच्या शिरा अशा ताठायच्या की मला पेटीवरून बघवत नसे. त्यांना सांगावं कसं? त्यांना कुणी "दादा, जरा खालून घ्या" म्हटलेलं मी एकदाच ऐकलं होतं. त्या माणसाशी ते दोन वर्षं बोलले नाहीत.

मग मी एक उद्योग केला. माझी हातपेटी स्केल चेंजरची आहे. म्हणजे एक खुंटी ओढली की पट्ट्यांची आख्खी रांग अर्ध्या अर्ध्या स्वरानं सरकवता येते. बोटं काळी चारवरच राहतात, पण आवाज खालच्या पट्टीचा निघतो. मी एका लग्नात रांग एक घर सरकवली. दादांनी "काळी चार" पुकारलं, माझ्या बोटांकडं बघितलं, बोटं काळी चारवर होती, आणि ते गायले. अंतरा असा गेला की ते स्वतःच खूश झाले. पुढच्या काही वर्षांत मी अजून एक घर सरकवलं, मग अजून एक. शेवटी दादा पुकारत होते काळी चार आणि गात होते पांढरी चारमधे, तीन घरं खाली.

हे फक्त ढोलकीवाल्या शेषरावभाऊंना माहीत होतं. त्यांना ढोलकी माझ्या सुराला लावावी लागते, त्यांच्यापासून काय लपणार? पहिल्या दिवशी त्यांनी ढोलकी लावताना माझ्याकडं एकदा बघितलं, मी त्यांच्याकडं बघितलं, आणि भाऊंनी मुकाट्यानं ढोलकी त्या खालच्या सुरावर उतरवली. अकरा वर्षांत आम्ही दोघं यावर एक शब्द बोललो नाही. मला माझ्या हुशारीचा अभिमान वाटायचा. खोटं कशाला बोलू, अजूनही थोडा वाटतो.

आणि मग मी पडले. आषाढ पौर्णिमेपासून आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन बसतं, ते तीन महिने चालून अश्विन पौर्णिमेला संपतं. वाचन बसायच्या आदल्या दिवशी आम्ही बायका विहार धूत होतो. साबणाच्या पाण्यावरून पाय गेला, मी डाव्या हातावर पडले आणि मनगटातून काडी मोडल्यासारखा आवाज आला. बीडच्या डॉक्टरांनी फोटो बघितला, प्लॅस्टर घातलं, हात गळ्यात बांधला. मी पहिला प्रश्न पेटीचा विचारला. डॉक्टर म्हणाले, "भाता हलवायचं वर्षभर विसरा. मनगट तेवढं वळणारच नाही."

अश्विन पौर्णिमेला वाचनाची समाप्ती असते, खीर असते आणि दुपारी आमच्या पार्टीचं गाणं असतं. घरचा मांडव, घरची माणसं. अडतीस वर्षांत मी ती जागा एकदाही सोडलेली नव्हती. पोरगी पोटात नऊ महिन्यांची असताना मी तिथं बसले होते. डॉक्टरांच्या दवाखान्यातून बाहेर पडताना मी तीन महिने बोटांवर मोजले आणि मनात पक्कं केलं की पौर्णिमेला मी माझ्या जागेवर बसणार.

घरी आल्यावर पहिला प्रयोग आमच्या गुरुजींवर झाला. गुरुजी म्हणजे आमचे हे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, आज्ञाधारक. मी म्हणाले, तुम्ही भाता हलवा, मी उजव्या हातानं वाजवते. गुरुजींनी सायकलमधे हवा भरावी तसा भाता हाणायला सुरुवात केली. मी हळू स्वर घेतला की पेटी किंचाळायची, मोठा घेतला की जीव सोडायची. भाता म्हणजे वाजवणाऱ्याचा श्वास असतो, तो दुसऱ्याकडं कसा देणार? तिसऱ्या दिवशी मी चिडून म्हणाले, "राहू द्या, पोळ्या लाटल्यासारखं चाललंय." गुरुजी शांतपणे म्हणाले, "अगं, तुझे पाय तर धड हायेत ना? मग ती आबांची काय गोधड्या ठेवायला हाय का?"

एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती याचा मला अजून राग येतो.

गोधड्या उतरवल्या. आत उंदरांनी घर केलं होतं. भात्याचं चामडं दोन ठिकाणी फाटलेलं, स्वर काढणाऱ्या निम्म्या पितळी पत्त्या धुळीनं मुक्या. वडवणीच्या बाजारातून मऊ चामडं आणलं. मी सांगायचं, गुरुजींनी चिकटवायचं. पत्त्या मी एका हातानं एकेक काढून दाढीच्या ब्रशनं झाडल्या. आठवडाभरानं मी स्टुलावर बसले, पावड्या दाबल्या आणि एक पट्टी खाली ढकलली. आधी नुसता वारा, मग खाकरल्यासारखं, आणि मग स्वर आला, जाड, भरलेला, थेट आबांच्या खोलीतला. मी रडले. गुरुजींना वाटलं हात दुखतोय.

पहिले पंधरा दिवस पोटऱ्यांनी माझा सूड घेतला. पाय चालायचे तर बोटं थांबायची, बोटं चालायची तर पाय थांबायचे. साठीत सायकल शिकण्यातला प्रकार. पण खरी अडचण वेगळीच निघाली. पायपेटीला स्केल चेंजर नसतो. दादांसाठी पांढरी चार वाजवायची तर बोटंच पांढरी चारवर न्यावी लागणार. अकरा वर्षं खुंटी ओढून मी आरामात काळी चार वाजवत आले होते, त्यामुळं बोटांना खाली उतरायची सवयच उरली नव्हती. सुरुवात पांढरी चारवर केली तरी दुसऱ्या ओळीला बोटं आपल्या आपण काळी चारच्या घरी पळायची. दादांना फसवता फसवता मी माझ्या बोटांनाही फसवून ठेवलं होतं. ती सगळी गाणी मला नव्यानं बसवावी लागली, एका हातानं.

तोवर पार्टीनं माझ्या जागी मिलिंदला घेतलं होतं. मिलिंद तिशीतला, वडवणीला मोबाइल दुरुस्तीचं दुकान, कीबोर्ड छान वाजवतो. माणूस सरळ. दादांनी त्याला सांगितलं काळी चार, तर त्यानं काळी चार दिली. खरी काळी चार. आणि दादांचा गळा फाटला. एका लग्नात, मग एका नामकरणात. लोक म्हणायला लागले, दादांचा आवाज गेला. दादा दही सोडून बसले, केळी सोडून बसले, ज्येष्ठमध तोंडात धरून फिरायला लागले. बीडला जाऊन गळा दाखवून आले. डॉक्टरला काही सापडेना. सापडणार कुठून? दुखणं माझ्या घरात, हातपेटीच्या खुंटीत होतं.

एका दुपारी दादा माझ्याकडं आले. प्लॅस्टर नुकतंच निघालं होतं, मी रबरी चेंडू दाबत बसले होते. दादा खाटेवर बसले आणि म्हणाले, "सुमनबाई, गळा गेला बगा आपला. पौर्णिमेला शेवटचं गातो अन् बंद करतो."

मला त्या क्षणी माझी लाज वाटली. अकरा वर्षांचा सगळा अभिमान कुठल्या कुठं गेला. मी म्हणाले, "दादा, इकडं या. एक गाणं म्हणा माझ्यासंगं."

"आता कावून? पौर्णिमेला ऐका की."

"आत्ताच म्हणा."

ते पायपेटीशेजारी येऊन उभे राहिले. सवयीनं म्हणाले, "काळी चार." मी पावड्या दाबल्या आणि बोट पांढरी चारवर ठेवलं. हे खोलीत, एवढ्या जवळून, लपवता येणारं नव्हतं. दादांनी बोटाकडं बघितलं, पण सुरावर गळा आपोआप चढला होता. गायले. अंतरा घेतला, वर गेले, तिथं थांबले, हसले, आणि अलगद खाली आले. गळा लख्ख होता. मग त्यांनी पुन्हा माझ्या बोटाकडं बघितलं.

"ही तर पांढरी चार हाय."

"व्हय."

"मंग माझा आवाज कसा लागला?"

मी सगळं सांगितलं. खुंटी, घरं, शेषरावभाऊंची ढोलकी, सगळं. दादा ऐकत होते. शेवटी एवढंच विचारलं, "किती दिवस?"

"अकरा वर्षं."

"म्हंजी अकरा वर्षं मी खोटं गात होतो?"

"गाणं खरं होतं, दादा. आकडा खोटा होता."

ते उठले. गुरुजी चहा घेऊन येत होते, त्यांच्या शेजारून निघून गेले. दारात थांबून म्हणाले, "सगळ्या जिल्ह्यात मी छाती काढून सांगत फिरलो. अन् तुमी दोघं गालात हसत होता."

हसत नव्हतो. पण आता ते कसं पटवणार? मी दुसऱ्या दिवशी गेले, दार उघडलं नाही. आठ दिवसांनी शेषरावभाऊ आले आणि खाली बघत म्हणाले, "पौर्णिमेला मिलिंदच बसणार हाय, बाई. दादा म्हणले, तुमा दोघांचं मी मागनं बगून घेतो, पर भाऊ, तू ढोलकी काळी चारला लाव." त्या रात्री मला झोप लागली नाही. इतके दिवस ज्या जागेसाठी पोटऱ्या दुखवल्या ती जागा मी स्वतःच्या तोंडानं घालवली होती. पण खरं सांगितल्याचा पस्तावा मात्र झाला नाही. आधी सांगितलं नाही, त्याचा झाला.

अश्विन पौर्णिमेला पायपेटी मांडवात गेली ती बायकांमुळं. आमच्या वस्तीतल्या बायका वाचन संपल्यावर एक गाणं म्हणतात, त्यांनी मला सूर धरायला बोलावलं होतं. गुरुजी आणि शेजारच्या दोघांनी हातगाड्यावरून ती आणली. वाचन संपलं, सगळ्यांनी "साधू, साधू, साधू" म्हटलं, बायकांचं गाणं झालं. माझ्या उजव्या हातानं आणि दोन पायांनी त्यांना नीट पार नेलं. डावा हात मांडीवर होता. मग मी उठायला लागले, कारण पुढचा कार्यक्रम पार्टीचा होता. शेषरावभाऊ हळूच म्हणाले, "बसा की, बाई. धूड कुठं हालवता आता?" मी बसले. मिलिंद माझ्या पलीकडं कीबोर्ड मांडून बसला.

दादा पांढरेशुभ्र कपडे घालून आले. माझ्याकडं बघितलं नाही. माईक हातात घेतला आणि पुकारलं, "काळी चार!" टाळ्या पडल्या. मिलिंदनं सूर दिला. मुखडा निघाला, कसाबसा. अंतऱ्याला दादा वर गेले आणि आवाज मधेच चिरला. दादांनी पाणी पिऊन पुन्हा उचललं, पुन्हा चिरला. समोर त्यांची नात बसली होती, तिनं मान खाली घातली. ते मला बघवलं नाही. दादांनी नातीकडं बघितलं.

त्यांनी हात वर करून मिलिंदला थांबवलं. माईकवर तळवा ठेवला, माझ्याकडं वळले आणि फक्त म्हणाले, "घ्या, बाई."

पट्टी सांगितली नाही. मी पावड्या दाबल्या. शेषरावभाऊंनी दोन ठोक्यांत ढोलकी उतरवली, जणू सकाळपासून याचीच वाट बघत होते. मिलिंदनं स्वतःचा कीबोर्ड बंद केला, त्याचा माईक उचलला आणि पायपेटीच्या पाठीशी, जिथून आवाज निघतो तिथं धरून उभा राहिला. त्याला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पांढरी चार धरली आणि दादांनी गाणं पहिल्यापासून उचललं.

काय गायले दादा! मानेची एकही शीर ताठली नाही. गळ्यात जागाच जागा होती आणि ते तिच्यात ऐसपैस फिरत होते. बोटं माझी एकदाही काळी चारकडं पळाली नाहीत. शेवटच्या अंतऱ्यात दादा वरच्या सा वर गेले आणि तिथंच थांबले. हातपेटी असती तर भाता बदलताना स्वर हलला असता. पायपेटीचा स्वर पाय चालतील तोवर तुटत नाही, आणि माझे पाय तीन महिन्यांत घोड्यासारखे झाले होते. दादांनी डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडं बघितलं, अजून धरते का म्हणून. मी धरला. ते अजून थांबले. मी अजून धरला. मग त्या वरच्या स्वराला खालून आधार हवा असं वाटलं आणि बघते तर माझा डावा हात मांडीवरून उठून खालच्या पट्ट्यांवर गेलेला. दोनच बोटं, वाकडी, सुजकी, पण दाबत होती. दुखत होतं, फार दुखत होतं. मी काढली नाहीत. खालचा सा आणि पंचम घुमले आणि सगळा मांडव त्या आवाजानं भरला.

दादांनी स्वर सोडला तेव्हा लोक उभे राहिले होते. नात टाळ्या वाजवत होती. समोरच्या म्हाताऱ्या बायका पदर तोंडाला लावून रडत होत्या आणि मी रडता रडता हसत होते. मागून आवाज आला, "दादा, आजून एक! आजून एक!"

दादांनी माईक उचलला. छाती पुढं काढली. आता ते काय पुकारणार हे सगळ्यांना माहीत होतं. शेषरावभाऊंचा हात ढोलकीवर थबकला. दादा माईक तोंडाशी धरून तसेच उभे राहिले, मग सावकाश माझ्याकडं वळले आणि साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं विचारलं, "सुमनबाई, पट्टी कंची घेऊ?"

अडतीस वर्षांत मला गायकांनी पट्टी सांगितली होती. विचारली कुणीच नव्हती.

"पांढरी चार," मी म्हणाले.

"पांढरी चार!" दादांनी पुकारलं, त्याच ऐटीत, आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या.